अदिसमधला उपासाचा बुधवार

बुधवार, रात्रीचे साडेनऊ. इथल्या घड्याळात साडेतीन.

इथिओपियातल्या अदिस अबाबात तीन दिवस झाले, तरी वेळेचा हिशोब बोटांवर करावा लागतोय. इथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात आणि रात्रीचे सूर्यास्तापासून, आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. काल घरमालकीणबाईंनी कॉफीला दोन वाजता बोलावलं आणि मी भर दुपारी दारात उभी राहिले. त्यांची कॉफी सकाळी आठलाच झाली होती. काही न बोलता त्यांनी पुन्हा हिरव्या बिया भाजायला घेतल्या. अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या होईपर्यंत उठू दिलं नाही.

आज सकाळी निळ्या-पांढऱ्या मिनीबसने अरात किलोला गेले. उतरायचं असलं की "वराज अल्ले" म्हणायचं, हे शेजारच्या मुलीने शिकवलं. तिथून राष्ट्रीय संग्रहालय चालत गाठलं. शहर साधारण २,३०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे थोड्याशा चढावरही दम लागतो. लूसीला, म्हणजे माणसाच्या एका प्राचीन पूर्वजाच्या सांगाड्याला, भेटायचं होतं. १९७४ साली हदारला सापडलेली, ३२ लाख वर्षांपूर्वीची. उंची जेमतेम साडेतीन फूट. इथले लोक तिला दिंकिनेश म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. काचेमागे ठेवलेली हाडं म्हणजे प्रतिकृती, खरी आत जपून ठेवली आहेत. तरीही माझा पाय तिथून निघेना.

मग भूक. निघताना आईला एकच घोर होता, शाकाहारी पोरगी तिकडे खाणार काय? पण इथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा बुधवार-शुक्रवार उपास, आणि उपासाला मांस, दूध, लोणी, अंडी सगळं वर्ज्य. छोट्या खाणावळीतसुद्धा बेयाइनेतु मिळतं. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबूस इंजेराचं, म्हणजे डोशासारख्या पोळीचं, मोठं ताट, त्यावर मसूर, पालेभाजी, बटाटा-कोबी आणि शिरो. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच! मसुराला तर इथल्या अम्हारिक भाषेत 'मिसिर' म्हणतात. एवढं भरलेलं ताट मला एकटीला संपणार नव्हतं, आणि पैसे मात्र अगदी थोडे पडले.

समोरच्या बाकावरच्या आजींनी माझं एकटं जेवणं बघितलं. त्यांनी स्वतःच्या ताटातला इंजेरा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि हात थेट माझ्या तोंडाशी आणला. याला गुर्शा म्हणतात. मी तोंड उघडलं. मला असा घास शेवटचा कुणी भरवला होता, ते आठवेना.

शुक्रवारी रात्री परतीचं विमान आहे. दुपारी जेवायला तिथेच जाणार.