झेंड्यामागची मावशी

आमच्या दिंडीत सगळ्यात हळू चालणाऱ्याला निळ्या झेंड्याच्या लगेच मागे घेतात. त्यामुळे तरणी पोरं कितीही तापली तरी दिंडी त्याच्याच पायानं चालते. यंदा तिथं एक मावशी होती. एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. दर थोड्या अंतरावर बसायची, चप्पल झटकायची, गुडघ्याला बाम चोळायची आणि मगच उठायची.

वैजापूरकडून हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या यात्रेला आम्ही चाललो होतो. तिचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा, त्याच सुमारास ही यात्रा भरते. गाव नगर जिल्ह्यातलं, पण गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या ख्रिस्ती वस्त्यांना ते कधी परकं वाटलं नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कमरेएवढी कपाशी, निसवलेली बाजरी. रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे दहा मणी झाले की टाळ वाजायचे.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा वैतागून म्हणाला, "मावशे, असं चाललो तर रातच व्हईल."

"व्हऊ दी. माऊली काय पळून चालली का?"

पोरगा माझ्याजवळ आला. खरं दुखणं निराळंच होतं. "काका, नोव्हेना करतो, नऊ दिवसांची प्रार्थना, रोज बायबल वाचतो. तरी घरात म्हाताऱ्यावर खेकसतोच. मग रात्री पुस्तक उघडायची लाज वाटते. काहीच फरक पडंना."

आमच्या भागात घोगरगावला फ्रेंच फादर आले, ते संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे. म्हणून त्याला फ्रान्सिसचीच गोष्ट सांगितली. १५९४ मध्ये हा तरुण धर्मगुरू जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला शाब्ले भागात पायी गेला, तिथल्या प्रोटेस्टंट झालेल्या लोकांना परत कॅथलिक पंथात आणायला. प्रवचनाला कुणी येईना. मग तो हातानं पत्रकं लिहून दारांच्या फटीतून आत सरकवू लागला. थंडी, धमक्या, आणि पहिली वर्षं पदरात मोजकीच माणसं. १५९८ पर्यंत चित्र पालटलं. त्यात तिथला राज्यकर्ता, सव्हॉयचा ड्यूक, याचं वजनही कामी आलं, ते झाकण्यात अर्थ नाही. पण मला त्या पत्रकांपेक्षा त्याचं दुसरं सांगणं मोठं वाटतं. हा माणूस मुळात तापट, आणि तोच सांगायचा की सगळ्यांशी धीरानं वागा, त्यातही आधी स्वतःशी. आपल्याच रागावर चिडलो, तर तोही रागच.

पोरगा गप्प झाला. मला मात्र बोलायचं होतं, कारण धीरावरची बरीच प्रवचनं ऐकून माझंच डोकं फिरतं. गरिबाला 'सोसा' म्हणून घरी पाठवायचं, हा काही धीर नव्हे. पीकविमा अडला तर खेटे घालायलाच हवेत, भांडायलाही हवं. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो. तिकडे इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेवटचा मार्च-एप्रिलात, म्हणजे मधे सगळा हिवाळा. तेवढे दिवस तो बांधावर बसून राहत असेल, हे आमच्याकडच्या कुणालाही पटणार नाही. लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणारं अंजीर तोडायला निघालेल्या मालकाकडे माळी एकच वर्ष मागून घेतो, पण लगेच सांगतो की भोवती खणीन, खत घालीन.

"म्हणजे म्हाताऱ्याची माफी मागायची," पोरगा म्हणाला.

"दर वेळेला. परत खेकसलास तर परत."

नाऊरच्या पुलावर मावशी पुन्हा बसली. खाली गोदावरी गढूळ, दोन्ही काठ भरून. दिंडी थांबली, कुणीतरी चिवडा वाटला.

"ते फ्रान्सिसच्या चार वर्षांचं ठीक आहे काका," पोरगा मूठभर चिवडा घेत म्हणाला, "पण भरतीचं वय थांबत नाही ना."

"तिथं धीर कामाचा नाही. तिथं पळावंच लागतं. परवा पहाटे पळ. आता मावशीची पिशवी घे."