आमची वाटचाल : ओ-रिंग, गॅस्केट आणि दर महिन्याचा एक मेल

आमचा धंदा रबराच्या लहान वस्तूंचा. ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी), गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यात बसणारं रबर), डायफ्रॅम (लवचिक रबरी पडदा) आणि गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे साच्यातून काढलेले पार्ट. वडिलांनी वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात एका हँड प्रेसवर (साच्यात रबर दाबून पकवायच्या मशीनवर) काम सुरू केलं, पुढे जागा कमी पडायला लागली तेव्हा आम्ही रबाळे एमआयडीसीत आलो. पत्ता बदलला तरी माल विकायची रीत तीच राहिली. खांद्याला सॅम्पलची बॅग, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्याचं गेट, सिक्युरिटीकडून पास आणि मग स्टोअरमध्ये जाऊन “यंदा काय लागतंय साहेब?”

ही रीत चालली, कारण गिऱ्हाईक त्याच रस्त्यावर होतं. मग दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एकेक कारखाना बंद झाला किंवा हलला. ऐरोली, घणसोली, महापे या बाजूला आयटी पार्क उभे राहिले. त्यांना ओ-रिंग लागत नाहीत. आमचे ओळखीचे मेंटेनन्सवाले महाड, चाकण आणि गुजरातेतल्या दहेज, अंकलेश्वरला गेले. ओळख शाबूत होती, पण बॅग घेऊन दहेजला कोण किती वेळा जाणार? बऱ्याच जणांना तर आम्ही अजून चालू आहोत हेही माहीत नव्हतं.

त्याच सुमारास ऑफिसात कळव्याची एक मुलगी कामाला लागली. बी. कॉम. झालेली, पहिलीच नोकरी, काम बिलिंगचं आणि जीएसटीचं. फोन तीच घ्यायची. एकदा ती म्हणाली, “सर, रोज तेच चार-पाच प्रश्न येतात. लिहून वेबसाइटवर टाकलं तर?” आमची वेबसाइट म्हणजे तोवर पत्ता आणि मशीनचे फोटो एवढीच होती. लिखाणाचं आणि मेलचं काम मी तिच्याकडे दिलं. अट एकच घातली : सकाळचा वेळ प्रेसवर उभं राहायचं, लिहायचं नंतर.

हे काम कुणाला शिकवायचं असेल तर सुरुवात इथूनच व्हावी, असं माझं ठाम मत आहे. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तिला हाताला धरून दाखवलं. कंपाउंडचा (कच्च्या रबराच्या मिश्रणाचा) तुकडा वजन करून कसा कापायचा, साच्यात कुठे ठेवायचा, दीडशे अंशांच्या वर तापलेल्या प्लेटमध्ये तो कसा पकतो, बाहेर आल्यावर कडेचा फ्लॅश (बाहेर आलेलं जादा रबर) ब्लेडने कसा काढायचा. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरायला ती मामांकडूनच शिकली.

एक दिवस एका गिऱ्हाइकाचा माणूस पंपातून काढलेली ओ-रिंग घेऊन आला. रिंग फुगून मऊ पडलेली, खोबणीत बसायलाच तयार नाही. मामांनी ती बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाले, “तेलाच्या पंपाला ईपीडीएम लावलंय कुणीतरी.” ईपीडीएम ही रबराची एक जात, गरम पाण्याला आणि वाफेला उत्तम, पण खनिज तेलात ते फुगतं. तेलाला नायट्राइल रबर लागतं, आणि तापमान फारच वर जाणार असेल तर विटॉन. अडचण अशी की ईपीडीएम आणि नायट्राइल दोन्ही काळ्याच रंगात येतात, नुसत्या नजरेने ओळखू येत नाहीत. स्टोअरच्या एकाच ट्रेमध्ये दोन्ही पडल्या की घोळ ठरलेला.

तिने एकाच मापाची एक ईपीडीएमची आणि एक नायट्राइलची रिंग दोन काचेच्या ग्लासांत हायड्रॉलिक तेलात टाकून ठेवली. रोज बाहेर काढायची, पुसायची, व्हर्नियर लावायची, फोटो काढायची. शेवटी दोन्ही रिंगा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून घेतलेला फोटो सगळ्यांत वर लावला आणि खाली लिहिलं : तेलाच्या पंपात ओ-रिंग का फुगते. उत्तर पहिल्या दोन ओळींतच, कारण पंप उघडून बसलेला फिटर मोबाइलवर वाचत असतो, त्याला प्रस्तावना नको असते. त्याखाली कोणत्या द्रवाला कोणतं रबर याचा तक्ता. ‘उत्कृष्ट दर्जा’, ‘वाजवी दर’ असे शब्द तिने कुठेच घातले नाहीत. ते प्रत्येकाच्याच प्रोफाइलमध्ये असतात.

गूगल सर्च कन्सोल कसं बघायचं हे ती स्वतःच शिकली. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं आणि त्यातल्या कितींनी उघडलं, हे त्यात कळतं. ‘ओ-रिंगचं माप कसं घ्यायचं’ हा प्रश्न वारंवार दिसला, म्हणून पुढचा लेख त्यावर आला : आतला व्यास आणि रिंगची जाडी ही दोन मापं पुरतात, बाहेरचा व्यास त्यावरून निघतो, आणि वापरलेली रिंग दबून चपटी झालेली असते म्हणून शक्य असेल तर खोबणीचं माप घ्यावं.

मेलचं शिक्षण जास्त तांत्रिक निघालं. हबस्पॉट अकॅडमीचा ईमेल मार्केटिंगचा मोफत कोर्स तिने ऑफिसच्या वेळेत केला. तो वेळ मी पगारी धरला आणि तसाच धरायला हवा. पहिला बदल पत्त्याचा. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून दुसऱ्या सेवेमार्फत गठ्ठ्याने मेल पाठवले की ते स्पॅममध्ये जाण्याची भीती असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या, शिवाय एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवणं. आम्ही त्या आकड्याच्या आसपासही नाही, तरी तिने स्वतःच्या डोमेनचा पत्ता घेऊन तिन्ही नोंदी करून घेतल्या. मेल खरंच आमच्याकडून आलाय, हे समोरच्या सर्व्हरला पटवण्याचं काम त्या करतात.

यादी विकत मिळते. आम्ही ती घेतली नाही. जुन्या बिलांवरचे आणि व्हिजिटिंग कार्डांवरचे पत्ते काढले, प्रत्येकाला फोन करून विचारलं, “महिन्याला एक मेल पाठवू का? रबराबद्दल माहिती असेल.” हो म्हणाले तेवढेच यादीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमतीच आहे, आणि दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं असं तो सांगतो. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या एका फोनमुळे तुटलेली ओळख परत जुळली. “अरे, तुम्ही आहात का अजून!” असं म्हणणारे कितीतरी निघाले.

मेलमध्ये एकच विषय, एकच फोटो, आणि खाली तिचं नाव व ऑफिसचा फोन. किती जणांनी उघडला या आकड्यावर ती फारशी विसंबत नाही. ॲपलने २०२१ मध्ये मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय आणली, त्यामुळे मेलमधली चित्रं आधीच लोड होतात आणि न वाचलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. ती उत्तरं मोजते. वाफेच्या लाइनवर नायट्राइल का टिकत नाही, या मेलला महाडच्या एका मेंटेनन्स इंजिनीअरने कडक होऊन तडकलेल्या गॅस्केटचा फोटो पाठवला आणि मागोमाग कुरियरने गॅस्केटच पाठवलं. मामांनी ते बघितलं, आम्ही ईपीडीएममध्ये सॅम्पल करून दिलं, आणि आता त्यांच्या शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या) आधी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, येते. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तो मेल छापून मागितला आणि शांतपणे पूर्ण वाचला.

बिलिंगचं काम आता नवा ठेवलेला एक मुलगा बघतो. ती पूर्ण वेळ हेच बघते, तिचा पगारही त्या हिशेबाने वाढवला. मेल इंग्रजीत जातात कारण पर्चेसवाले सगळीकडचे आहेत, पण लेख ती मराठीतही लिहिते. चाकण आणि अंबरनाथचे फिटर तेच एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. सध्या तिचं काम चाललंय ते साठवणुकीवर. बऱ्याच स्टोअरमध्ये ओ-रिंगा भिंतीतल्या खिळ्याला टांगलेल्या असतात. स्वतःच्याच वजनाने त्या ताणल्या जातात, उन्हाने आणि जवळच्या मोटरमधून निघणाऱ्या ओझोनमुळे नायट्राइलला बारीक चिरा पडतात. पिशवीत, सपाट, अंधारात ठेवा, एवढं साधं सांगणं आहे. फोटोसाठी खिळ्याला टांगलेली रिंग हवी होती. ती मामांनी खास टांगून ठेवली आहे, दसऱ्याच्या आधी मेल जाईल.