डाव्या बाजूचं कव्हर, उजव्या बाजूचं स्टिअरिंग

खोक्यातला थर्माकोल बाजूला केला आणि डॉक्टर गप्पच झाले. डॅशबोर्डचं कव्हर सुरेख होतं. तपकिरी, गुळगुळीत, कडा नीट कापलेल्या. पण मीटरवरचा उंचवटा डाव्या हाताला! अमेरिकेतल्या मुलीने बाबांच्या जुन्या मर्सिडीजसाठी हौसेने पाठवलेलं. तिकडचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे, आणि विकणाऱ्याने बाजू कुठे लिहिलीच नव्हती.

"कापून, जोडून काही होईल का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

होण्यासारखं नव्हतं. जोड कुठे ना कुठे दिसणार आणि उन्हात तोच आधी सुटणार. मी त्यांना म्हटलं, हे आहे तसं परत पाठवा, आपण इथेच बनवू.

कोल्हापुरात माझं कार कुशनचं दुकान आहे. सीट, छत, दाराचे पॅड ही रोजची कामं. डॅशबोर्ड घेऊन फार कमी लोक येतात, आणि आले तरी बहुतेकांना वरून एक मखमली पट्टा टाकून हवा असतो. ही गाडी मात्र पट्टा टाकण्यातली नव्हती. २४० डी, १९८१ची, मर्सिडीजच्या भाषेत डब्ल्यू १२३. हे मॉडेल १९७६ साली बाजारात आलं आणि जगभरात सत्तावीस लाखांच्या आसपास विकलं गेलं. इंजिन दणकट, पत्रा जाड, पण डॅशबोर्ड उन्हापुढे हात टेकतो. मर्सिडीज पुण्यात बनायला लागली ती १९९५ साली, आणि तेही पुढचं मॉडेल. त्यामुळे या गाडीचा डॅशबोर्ड आपल्याकडे शोधायचा म्हणजे भंगारात, आणि भंगारातला तर आणखी तडकलेला.

तडे का जातात ते डॉक्टरांना समजावून सांगितलं, कारण "चांगलं पॉलिश मारत जा" असा सल्ला त्यांना पुष्कळांनी दिला होता. वरची कातडी पीव्हीसीची, खाली पॉलियुरेथेनचा फोम. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या वर सहज जातो आणि हा प्लास्टिसायझर हळूहळू उडून जातो. काचेला आतून जो तेलकट, धूसर थर धरतो, त्यात बराचसा तोच असतो. कातडी आकसते, फोम ठिसूळ होतो आणि जिथे जाळ्यांसाठी भोकं आहेत तिथून तडा सुरू होतो. यांच्या गाडीत दोन्ही कोपऱ्यांतल्या स्पीकरच्या जाळ्यांपासून तडे निघून मीटरपर्यंत पोचले होते, आणि त्यांच्या कडा पापडासारख्या वर वळल्या होत्या. चकचकीत पॉलिशने यातलं काही थांबत नाही. उलट त्यातलं सिलिकॉन तेल असं मुरतं की पुढे तिथे काहीही चिकटवायला गेलं तर धरत नाही.

मधोमध पितळी गणपती होता, डॉक्टरांच्या आईने बसवलेला. तो काढायला त्यांचं मन होईना. मी म्हटलं, तुम्ही स्वतः काढा, मी फक्त टेप मऊ करून देतो. हीट गन लांबून फिरवली, मासे पकडायची नायलॉनची तार मूर्तीखालून करवतीसारखी ओढली. मूर्ती अलगद सुटली. डॉक्टरांनी ती रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली. आणि खाली जे दिसलं ते बघून आम्ही दोघंही वाकलो. नाण्यापेक्षा थोडा मोठा एक गोल, गडद तंबाखूरंगाचा, एकसंध, बोटाला अजून मऊ लागणारा. भोवतीचा सगळा डॅशबोर्ड फिकट आणि राखाडी झालेला. एवढ्याच तुकड्याला ऊन लागलं नव्हतं. मूळ रंग कुठला यावर डॉक्टर आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं वाद घालत होते म्हणे. मी शेडकार्ड त्या गोलाशेजारी धरलं आणि रंग तिथेच ठरला.

आता खरं काम. जुन्या डॅशबोर्डवरच साच्यासारखं फायबरचं पातळ टरफल घडवायचं, आणि तेच कव्हर म्हणून वर बसवायचं. शेजारच्या फायबरवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काच काढाय लागतीय बघा, न्हाईतर हात जाईत न्हाई." या गाडीची पुढची काच रबरात बसवलेली असते, आजच्या गाड्यांसारखी चिकटवलेली नसते. रबर वाळून गेलेलंच होतं, नवं बसवायचंच होतं. काचवाल्याने काच उतरवली आणि सगळा डॅशबोर्ड उघडा पडला.

इथे मी एका गोष्टीवर अडून बसलो. फायबरवाला म्हणाला, तड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून घेऊ, झटपट होईल. मी नको म्हटलं. लांबी भरली की मूळ डॅशबोर्ड कायमचा गेला. उद्या कोणाला तो नीट दुरुस्त करायचा असेल तर निदान शाबूत तरी मिळाला पाहिजे. म्हणून फक्त वर वळलेल्या कडा धारदार पात्याने तासून सपाट केल्या, तड्यांवरून आणि जाळ्यांवरून ॲल्युमिनियमची टेप ओढली, वर मेण आणि मग टरफल सहज सुटावं म्हणून रिलीज फिल्म. सीट, गालिचा, स्टिअरिंग, सगळं प्लास्टिकने झाकलं.

रेझिन म्हणजे फायबरचा चिकट द्रव. त्यात आधी घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट घालून ढवळतात, घट्ट करणारं कॅटॅलिस्ट त्यानंतर. ही दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो. नव्या पोराला मी हे दोनदा बजावलं. मग काचतंतूंच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर. त्यापेक्षा जाड केलं तर काचेखाली जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी टरफल निघालं. दोन मिलिमीटर जाडीचं, हलकं, आणि मीटरचा उंचवटा उजव्या हाताला.

जाळ्यांची भोकं कुठे पाडायची हा प्रश्न टेप काढल्यावर शिंप्याच्या खडूने सुटला. मूळ जाळ्यांच्या कडांवर खडू घासला, टरफल वर ठेवून दाबलं, आतून पांढरी चौकट उमटली. तेवढंच कापलं. काचेजवळच्या हवेच्या फटी कानशीने रुंद केल्या. कव्हर बसवणारे इथे हयगय करतात आणि मग जुलैत गगनबावड्याच्या घाटात काच आतून धुरकटते, हवा नीट पोचत नाही.

वर लेदरेट, म्हणजे नकली चामडं, चढवलं ते चारी बाजूंना ताणणारं आणि बिनचमकीचं. चमकणारं घेतलं तर दुपारी पूर्ण डॅशबोर्ड काचेत दिसतो आणि समोरचा रस्ता हरवतो. चिकटवायला उष्णता सोसणारं सोल्युशन, हीट गन, आणि मीटरच्या वळणावर अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जाणं. एकही शिवण घ्यावी लागली नाही, याचा मला आजही आनंद आहे.

बसवताना मात्र सोल्युशन नाही, न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातू गंजवतं, ते गाडीत नको. साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुसायला दर वेळी नवं फडकं. कोरडं ठेवून कडा तपासल्या आणि मग सिलिकॉनचे गोळे फक्त ठरावीक ठिकाणी दिले, म्हणजे कधी उतरवायचं झालं तर तीच नायलॉनची तार आत घालून कापता येईल. वर वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर गाडी हलू दिली नाही. मग नवं रबर आणि काच.

गणपती पुन्हा मधोमधच बसला. या गाडीला डाव्या बाजूला एअरबॅग नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही. नव्या गाडीत डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं; तिथे मूर्तीही नको आणि असलं कव्हर तर मुळीच नको. फुटताना वर जे असेल ते तोंडावर येतं. नव्या गाडीला असं कव्हर बसवून द्या म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो, कितीही पैसे देत असला तरी.

उन्हाळ्यानंतर गाडी मुद्दाम तपासायला बोलावली. मे महिनाभर ती सांगलीत दवाखान्यासमोर, भर उन्हात उभी असायची. सगळ्या कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या, कुठेही उचललेली नव्हती. फक्त डाव्या स्पीकरची जाळी किंचित सैल होती, ती बसवून दिली. आता डॉक्टरांना मागच्या काचेखालची फळी करून घ्यायची आहे. तीही उन्हाने विरली आहे. त्यासाठी मागची काच काढावी लागेल का, ते बघायला त्यांना दिवाळीनंतर यायला सांगितलंय.