आमची वाटचाल : खिळ्यांच्या छापखान्यापासून पोलिश सिंफनीपर्यंत

वडिलांचा छापखाना नारायण पेठेत होता. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं. संगणकावरची अक्षरजुळणी, म्हणजे डीटीपी आलं, अक्षरांचे खिळे मोडीत गेले, आणि धंदा माझ्या हाती आला तेव्हा त्यात फारसं काही उरलं नव्हतं. त्याच सुमारास वसईच्या एका चर्चच्या गायनवृंदाचं पुस्तक आमच्याकडे आलं. पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन जुळवून देणारं कुणी मिळेना, म्हणून मीच शिकले. त्या पुस्तकावरून दुसरं काम आलं, मग परदेशी प्रकाशकांची पानामागे दर ठरलेली कामं येऊ लागली. आज आमचं पोट फक्त स्वरलिपी जुळवण्यावर चालतं.

पोलंडचं पहिलं काम वॉर्साच्या एका संपादकांकडून आलं. मिएचिस्वाव कार्वोविच या संगीतकाराच्या हस्तलिखिताची ती स्कॅन केलेली पानं होती. मी नावही ऐकलेलं नव्हतं. पोलिश संगीतकारांपैकी पुण्यात शोपँ माहीत असतो, फार तर शिमानोव्स्की. कार्वोविच 1876 साली जन्मला, बर्लिनमध्ये शिकला आणि फेब्रुवारी 1909 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तात्रा पर्वतात हिमस्खलनाखाली सापडून गेला. गिर्यारोहण आणि छायाचित्रण ही त्याची दुसरी वेडं. मागे सहा सिंफनिक काव्यं, म्हणजे एखाद्या कथेवर किंवा कल्पनेवर रचलेल्या वाद्यवृंदाच्या रचना, राहिली. शेवटचं अपुरं होतं, ते त्याचा मित्र फितेलबेर्ग याने पुरं केलं. ‘शाश्वत गीतं’ या रचनेचे तीन भाग आहेत : चिरंतन ओढ, प्रेम आणि मृत्यू, आणि विश्वात्मक अस्तित्व. जुळवताना मला पहिल्या भागाच्या तंतुवाद्यांनी धरून ठेवलं. पान पुरं झालं तरी पुढच्या पानाला हात लागेना.

त्यानंतर मी या सगळ्या काळाचा नाद घेतला. वॉर्साची फिलहार्मोनिक ही वाद्यवृंद संस्था 5 नोव्हेंबर 1901 रोजी सुरू झाली आणि पहिल्याच मैफलीत पोलिश संगीतकार स्तोयोव्स्कीची सिंफनी वाजली. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हतं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने ते वाटून घेतलं होतं. 1905 मध्ये फितेलबेर्ग, रुझित्स्की, शिमानोव्स्की आणि शेलुतो या तरुण संगीतकारांनी बर्लिनमध्ये स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि राजपुत्र लुबोमिर्स्कीने पैसा पुरवला. चौघेही संगीतकार नोस्कोव्स्कीचे शिष्य. त्या गुरूने 1896 मध्येच ‘स्तेप’ हे सिंफनिक काव्य लिहून वाट घालून दिली होती. संगीत लिहिणाऱ्यांनीच ते छापायचीही जबाबदारी घेतली, हे छापखान्यात वाढलेल्या मला फार जवळचं वाटतं.

मग हे संगीत विसरलं का गेलं? बरेचजण म्हणतात, शिमानोव्स्कीच्या सावलीत बाकीचे झाकले गेले, आणि युद्धानंतर नव्या पिढीला असलं भावव्याकूळ संगीत जुनाट वाटलं. यात तथ्य आहे. पण माझ्या मते मोठं कारण कागदाचं आहे. कंडक्टरपुढे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकत्र असलेला स्कोअर असतो, वादकांपुढे मात्र ज्याच्या त्याच्या वाद्याचा वेगळा पार्ट लागतो. ते पार्ट हाताने उतरवलेले असत, आणि अनेक रचनांचा जगात एकच संच असे. 1939 मध्ये फिलहार्मोनिकची इमारत बाँबहल्ल्यात गेली. जर्मन ताब्याविरुद्ध 1944 मध्ये वॉर्सात झालेल्या उठावानंतर जर्मनांनी ओकुल्निक रस्त्यावरचं ग्रंथालय ठरवून जाळलं. हस्तलिखितं, जुने ग्रंथ, स्वरलिपींचे संग्रह, सगळं त्यात गेलं. एउगेनिउश मोरावस्कीच्या रचनांचा मोठा हिस्सा त्याच वर्षी नष्ट झाला. ‘डॉन किहोते’ आणि ‘नेव्हरमोर’ उरल्या म्हणून तो किती मोठा संगीतकार होता ते आपल्याला कळतं. रुझित्स्कीने त्याच उन्हाळ्यात व्हायोलिन कंचेर्तो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, लिहायला घेतला होता. शहर सोडताना त्याने हस्तलिखित बागेत पुरलं, असं सांगतात. अलीकडे यानुश वाव्रोव्स्की या वादकाने तो पुन्हा उभा करून ध्वनिमुद्रित केला.

पार्ट नसले की वाद्यवृंद रचना हाती घेत नाही, रचना वाजत नाही, म्हणून कुणी मागतही नाही. हे चक्र आम्ही तोडू शकतो, आणि म्हणूनच मला या कामाचा अभिमान आहे.

काम किचकट आहे. नकलनवीस जागा वाचवायला खुणा करतो : इथे आधीच्या मापासारखं (माप म्हणजे दोन उभ्या रेघांमधला भाग), तिथे बासून या वाद्याप्रमाणे. क्लॅरिनेट आणि हॉर्नचे स्वर लिहिले जातात एक, ऐकू येतात दुसरे, त्यामुळे चूक लगेच दिसत नाही. स्कोअर आणि उरलेला जुना पार्ट यांत फरक निघाला तर आम्ही निर्णय घेत नाही. शंकांची यादी संपादकांकडे जाते. मुद्रितशोधन वडिलांच्याच पद्धतीने होतं : एकजण मूळ प्रत धरून मोठ्याने वाचतो, दुसरा ताडतो. सगळ्यात जास्त वेळ खातं ते पान उलटण्याचं ठिकाण. दोन व्हायोलिनवाल्यांत एक स्टँड असतो. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो तेव्हा निम्मा आवाज थांबतो. म्हणून पान विश्रामावरच संपलं पाहिजे. त्यासाठी वीस मापं पुढेमागे ढकलावी लागली तरी आम्ही ढकलतो.

पोलंड म्हटलं की लोक मला वळिवड्याच्या छावणीबद्दल विचारतात. कोल्हापूरजवळ 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे. आमचं काम तिथून सुरू झालं नाही, पण तो दुवा आता मला रोज जाणवतो.

धंद्याच्या दृष्टीनेही काळ बरा आहे. युरोपात संगीतकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतात. रुझित्स्की आणि फितेलबेर्ग दोघेही 1953 मध्ये वारले, त्यामुळे 2024 पासून त्यांच्या रचना तिथे खुल्या झाल्या आणि विचारणा वाढली. पोलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘पोलोना’ या संकेतस्थळावर असंख्य हस्तलिखितं पाहायला ठेवली आहेत. काम दिसतंय, माणसं कमी पडताहेत.

सध्या आमच्याकडची दोन मुलं वसईची आणि एक मडगावची आहे. चर्चमध्ये व्हायोलिन शिकताना स्टाफ नोटेशन त्यांना लहानपणीच वाचता आलं. आणखी दोघांची गरज आहे. संगणक आम्ही शिकवू. व्हायोला वाजवणाऱ्यांच्या चिन्हात, म्हणजे आल्टो क्लेफमध्ये, न अडखळता वाचता येत असेल तर लगेच कळवा.