पितरातलं ऑपरेशन

मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. डोळे तपासते, चष्म्याचे नंबर काढते, मोतीबिंदू सापडला की ऑपरेशनला पाठवते. पण इथल्या बालाघाटच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांना एवढा लांबलचक हुद्दा कुठं परवडतो? त्या सरळ डॉक्टरीणबाई म्हणतात.

पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे ओपीडी रिकामीच. सहावीतली एक पोरगी काठीचं टोक धरून पुढं, दुसरं टोक धरून आजी मागं, आणि त्यांच्या मागं आजींचा मुलगा. बॅटरी मारली तर दोन्ही बाहुल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या. अशा डोळ्यांपुढं अक्षरांचा तक्ता धरून उपयोग नसतो. खोलीत अंधार केला, एक डोळा झाकला आणि वरून, खालून, दोन्ही बाजूंनी उजेड दाखवत विचारलं, "आजी, कुठून येतोय?" दर वेळी बोट बरोबर तिकडंच. म्हणजे मागचा पडदा बहुधा शाबूत.

"पाठवू उद्याच्या गाडीत?"

"आता नको मॅडम. दिवाळी होऊ द्या, थंडी पडली की बघू."

हे वाक्य माझं पाठ झालंय. थंडीत जखम चांगली भरते, हा समज टाके घालायचे तेव्हाचा असावा. आता बारीक छेदातून भिंग बसवतात, बहुतेकदा टाकाच नसतो. पण खरा घोळ निराळाच. दसरा झाला की हा बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणार, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कधीच घेतलेली. थंडी पडेल तेव्हा हा कोल्हापूरकडच्या फडात. मग म्हातारीच्या डोळ्यात थेंब कोण घालणार? आणि आमची शिबिरंही नेमकी डिसेंबर-जानेवारीत, गावातल्या कित्येक घरांना कुलूप असताना!

"पोरीचं काय?"

"संगं नेतो. शाळेत हंगामी वसतिगृह आहे, जेवायचं होतंय तिथं, पण झोपायचं घरीच. मग रात्री घरचं माणूस नको का? आईला काही दिसंना. तिला बहिणीकडं सोडतो."

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २३ जुलै २०२१ ला ठराव केला, की डोळ्यांची निगा शाश्वत विकासाचा भाग आहे, गरिबी-शिक्षण-रोजगाराशी जोडलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आकडे आहेत: दृष्टिदोष असलेले किमान २२० कोटी, त्यातल्या किमान १०० कोटींचा टाळता आला असता किंवा त्यावर इलाज व्हायचा राहिलाय. प्रशिक्षणात हे ऐकताना मी वहीच्या समासात फुलं काढत बसले होते. आता तो ठराव माझ्यासमोरच्या बाकावर बसला होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून.

मी हट्टालाच पेटले. "दसऱ्याला अजून अडीच आठवडे आहेत. आत्ता केलंत तर सुरुवातीला थेंब घालायला तुम्ही घरी असाल."

"पितरात?" तो दचकला.

आजीच बोलल्या, "पितर माझ्या सासरचे हायेत. त्यांचं मी बघते."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं तपासायला आल्या त्या काठी नातीच्या हातात देऊन. दुसऱ्या डोळ्याचं थंडीत बघू, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी डोळा बघून थेंबांची बाटली शोधायला वळले, तर मागून आवाज, "अगं बया, हिच्या डोक्यात उवा किती! मला कुणी सांगितलंच न्हाई!" तिथंच बाकावर पोरीचं डोकं मांडीवर ओढून दोन्ही अंगठ्यांच्या नखांत उवा मारणं सुरू. पोरगी लाजून लाल. मी ओरडले, "आजी, तो हात डोळ्याला लावू नका!"

पोरगी गावातच राहिली.

पुढच्या वर्षीची शिबिरं श्रावण-भाद्रपदात घ्या, असं मी बैठकीत सुचवलं. पावसात रस्ते नसतात, हे बैठकीतल्या लोकांचं म्हणणंही खोटं नाही. दोन गावं तयार झाली. तिसऱ्या गावचे म्हणतात, पितर होऊ द्या.