अर्धा हरियाल

माझ्याकडे उपचारांसाठी आलेल्या त्या काकांनी एसटीच्या कार्यशाळेत रंगारी म्हणून ३१ वर्षे नोकरी केली होती. जुन्या पत्र्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासून ती सपाट करायची, मग प्रायमरचा हात आणि त्यावर लाल रंगाचे दोन हात, हे सगळे त्यांनी पहिल्याच भेटीत मला इतक्या तपशिलाने सांगितले की सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, हे नुसत्या बोलण्यावरून कोणाला कळले नसते. डावा हात मांडीवर निपचित पडलेला होता, एवढीच काय ती खूण.

काकूंची तक्रार जेवणाची होती. "पानातली चटणी-कोशिंबीर तशीच टाकतात आणि भाजी-आमटी मात्र चाटूनपुसून संपवतात. तोंडाची चव गेली असेल का हो?" चव गेलेली नव्हती, काकांच्या लेखी पानाला डावी बाजूच उरलेली नव्हती. अशा रुग्णाचे डोळे शाबूत असले तरी मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. दाढी अर्धीच होते, चाकाची खुर्ची डावीकडच्या चौकटीला धडकते, आणि काहीतरी राहून गेले आहे याची जाणीवही त्या माणसाला नसते. आम्ही याला 'नेग्लेक्ट' म्हणतो. मी काकूंना जेवणाच्या मध्यावर ताट फिरवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून कोशिंबीर संपू लागली.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, म्हणजे आजारानंतर रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठी उपचार करते. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातले पहिले विद्यालय सुरू केले. त्याला सुमारे पाऊणशे वर्षे झाली, तरी आजही आमच्या विभागातल्या खुंट्या, मणी, कपड्यांचे चिमटे आणि रंगीत पेन्सिली पाहून नातेवाईकच काय, डॉक्टरसुद्धा हा विरंगुळ्याचा तास समजतात. याचे मला वाईट वाटते, आणि त्या दिवशी जे घडले त्याचे मूळ या वाईट वाटण्यातच आहे.

काकांच्या चाचण्या दर आठवड्याला होत असत. आडव्या रेषेचा मध्य दाखवायचा आणि कागदभर विखुरलेल्या चांदण्यांवर एकेक काट मारायची. उजवीकडच्या चांदण्या कापून झाल्या की काका पेन खाली ठेवत, मी "अजून आहेत" म्हणे, आणि त्यांच्या कपाळावर घाम येई. एकदा त्यांनी मला विचारले, "मॅडम, दर आठवड्याला परीक्षा आणि दर वेळी नापास. मी बरा होतोय का नाही?" म्हणून एका दुपारी मी ठरवले की आज काहीही मोजायचे नाही, काकांना फक्त रंगवू द्यायचे.

दुकानात मिळणारी रंगभरणाची पुस्तके आमच्या कामाची नसतात. लहान मुलांच्या पुस्तकातला जाड रेषांचा पोपट मोठ्या माणसाला अपमानास्पद वाटतो आणि प्रौढांसाठीच्या पुस्तकात नखाएवढ्या घरांची इतकी दाटी असते की थकलेला रुग्ण दहा मिनिटांत कंटाळतो. म्हणून चित्रे मी स्वतः काढते. त्या दिवशीसाठी मी हरियाल, म्हणजे हिरवे कबूतर, काढला होता. तो आपला राज्यपक्षी, आणि त्याच्या अंगावर रंगही मोजकेच पण नाजूक असतात: करडे डोके, पिवळसर मान, खांद्यावर जांभळट डाग, पंखावर पिवळी कड आणि पिवळे पाय. चित्रातला पक्षी डावीकडे तोंड करून फांदीवर बसला होता. रुग्णाचा डावा हात कागद धरू शकत नाही आणि रंगवताना कागद सरकतो, म्हणून मी चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, काकांचा डावा हात उचलून कागदाच्या कडेला ठेवला आणि बाजूला बसले.

त्यांनी शेपटीपासून सुरुवात केली. एकच हिरवा पसंत पडेना, म्हणून त्यावर हलका पिवळा, मग सावलीसाठी थोडा तपकिरी असे थर देत ते पंखापर्यंत आले. पेन्सिल सगळीकडे एकाच दिशेने चालत होती आणि रंग कुठेही रेषेबाहेर गेला नाही. "गावच्या वडाला फळं आली की हे यायचे. आवाज ऐकू यायचा, पण पानात दिसायचे नाहीत," असे सांगताना त्यांचे नेहमी कानाकडे चढलेले खांदे खाली आले होते. चाळीस मिनिटे त्यांनी घरी कधी सोडणार, असे एकदाही विचारले नाही. कोपऱ्यात बसलेल्या काकूंनी मला खुणेने त्यांच्याकडे बघायला सांगितले.

मग पेन्सिल ठेवून ते म्हणाले, "झालं." शेपूट, पाठ, पंख आणि खांद्यावरचा डाग सुरेख रंगला होता. एक पाय पिवळा होता, दुसरा कोरा. मान, डोके आणि चोच पूर्ण कोरी होती.

तेवढ्यात राउंडला आलेले एक तरुण डॉक्टर टेबलाजवळ थांबले आणि म्हणाले, "छान, आज टाइमपास चाललाय वाटतं." ते कुत्सितपणे बोलले नव्हते. पण मला ते लागले, आणि हा टाइमपास नाही हे त्यांना दाखवण्यासाठी मी चिकटपट्ट्या काढल्या आणि कागद उलटा फिरवला. आता हरियालाचे कोरे डोके काकांच्या उजव्या हाताशी आले. डॉक्टरांना मुद्दा तत्काळ समजला. त्यांनी मान डोलावली, तपासणीच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि ते पुढे गेले.

काका मात्र कागदाकडे बघत राहिले. "हे कोणी सोडलं?" त्यांनी विचारले. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी असं काम सोडत नाही." आणि त्यांचे खांदे पुन्हा वर चढले.

कागद फिरवणे हे तंत्र म्हणून चूक नव्हते. रुग्णाला राहिलेला भाग दिसावा यासाठी आम्ही तेच करतो, डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावतो, "पट्टी दिसेपर्यंत मान वळवा" असे सांगतो. पण त्याआधी रुग्णाला तयार करायचे असते. शिवाय त्या दुपारी मोजायचे नाही असे मी स्वतःच ठरवले होते आणि ते एका शेऱ्यासाठी मोडले. आमच्या नोंदवहीत चांदण्यांच्या गुणांसाठी रकाना आहे. माणूस चाळीस मिनिटे निवांत बसला हे लिहायला जागा नाही. ही त्रुटी मी अनेकदा बोलून दाखवली आहे, पण त्या दिवशी मीही त्या रकान्याच्याच बाजूने वागले.

पुढचे चार दिवस काकांनी पेन्सिल हातात धरली नाही. पाचव्या दिवशी मी काही सुचवण्याआधीच ते म्हणाले, "गाडी रंगवताना आम्ही चारी बाजूंनी फिरायचो. आता मला फिरता येत नाही, तर तुम्ही कागद फिरवत जा. पण मी सांगीन तेव्हा." तेव्हापासून मी कागदाला चिकटपट्टी लावणे बंद केले आणि घसरू नये म्हणून खाली ओला रुमाल अंथरू लागले. "फिरवा" हा शब्द त्यांच्याकडून येईपर्यंत मी कागदाला हात लावत नसे. कधी तो येई, कधी येत नसे, आणि न आल्यास चित्र तसेच राहू देणे मला फार जड जाई.

सुट्टी मिळण्याच्या दिवशी त्यांनी तो पहिला हरियाल मागितला. मूळ कागद रुग्णाच्या फाइलमध्ये राहावा असा नियम आहे, म्हणून मी झेरॉक्स काढून दिली. आमच्या विभागाचे यंत्र काळ्या-पांढऱ्याचेच आहे. काकांनी ती प्रत उजव्या हाताने वर धरली, एकदा स्वतःहून उलटी करून पाहिली आणि काकूंना विचारले, "हिरवा कुठे गेला?"