स्टार ट्रेकच्या ७९ भागांना गुण देताना

मूळ 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाच्या सफरींची मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर दाखवली गेली. तिचा सर्वोत्तम भाग कोणता, हा वाद आजही तितक्याच जोरात चालतो आणि तो चालायलाच हवा. फक्त त्यात एक गोंधळ पुन्हा पुन्हा होतो. दोघं जण नाव एकाच भागाचं घेतात, पण गुण वेगवेगळ्या गोष्टींना देत असतात. म्हणून आकडा सांगण्याआधी तो कशाचा आहे ते ठरवून घ्यावं.

सर्वांत ठळक उदाहरण 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'चं. एप्रिल १९६७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या या भागाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार १९६८ मध्ये मिळाला. त्या वर्षी त्या गटातली पाचही नामांकनं स्टार ट्रेकच्याच भागांना होती. याच भागासाठी अमेरिकेतल्या लेखक संघटनेचा पुरस्कारही मिळाला, पण तो हार्लन एलिसन यांच्या मूळ पटकथेला. पडद्यावर आलेली पटकथा जीन कून, डी. सी. फोंटाना आणि इतरांनी बरीच बदललेली होती. कथेत इतिहास पूर्ववत राहावा म्हणून भूतकाळातल्या एडिथला मरू द्यायचं असतं, आणि यानाचा कॅप्टन कर्क तिच्या प्रेमात पडलेला असतो. मूळ मसुद्यात तिला वाचवायला धावतो तो बेकविथ नावाचा गुन्हेगार, आणि निर्णायक क्षणी कर्कचा निश्चय ढळतो, त्याचा सहकारी स्पॉक याला पुढे व्हावं लागतं. पडद्यावर तिच्याकडे धावतो तो यानाचा डॉक्टर मॅकॉय, आणि कर्क स्वतः त्याला धरून ठेवतो. त्यामुळे 'पटकथेला दोन पुरस्कार' असं म्हणून दहा गुण मागणाऱ्यांनी कोणती पटकथा ते सांगावं. माझे दहा पडद्यावरच्या भागाला. तिथे निर्णयाचा सगळा भार एकाच माणसावर येतो, आणि शोकांतिका म्हणून ते अधिक भेदक आहे.

आवृत्तीचा मुद्दा दुसरा. मूळ भाग साधारण ५० मिनिटांचे. पुनर्प्रसारणात जाहिरातींना जागा करण्यासाठी त्यातली काही मिनिटं कापली जायची, आणि कात्री बहुधा शांत संवादांवर चालायची. कापलेली प्रत पाहून 'पात्रं उथळ वाटली' असं लिहिणाऱ्याचा दोष नाही, पण तो गुण मूळ भागाला लागू होत नाही. पुढे २००६ ते २००८ या काळात सगळ्या भागांतली अवकाशदृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. 'द डूम्सडे मशीन'मध्ये हा फरक सर्वाधिक जाणवतो. मूळ भागातलं उद्ध्वस्त 'कॉन्स्टेलेशन' हे जहाज दुकानात मिळणारं एएमटी कंपनीचं प्लास्टिकचं मॉडेल भाजून, मोडून केलेलं. कर्कच्या यानाच्या १७०१ या क्रमांकातलेच आकडे फिरवून त्यावर १०१७ चिकटवलं होतं. नव्या आवृत्तीत तेच जहाज नीट रेखलेलं दिसतं. ब्लू-रेवर दोन्ही पर्याय आहेत, तेव्हा कोणता पाहिला ते नोंदवा. विल्यम विंडमचा कमोडोर डेकर आणि सोल कॅप्लन यांचं संगीत दोन्हीकडे तेच आहे आणि माझ्या मते या भागाचे नऊ गुण तिथूनच येतात.

संगीताला वेगळे गुण देत असाल तर एक खबरदारी घ्या. पैसे वाचवण्यासाठी अनेक भागांत आधीच ध्वनिमुद्रित केलेले तुकडेच वापरले आहेत. 'अमोक टाइम'मधल्या द्वंद्वाचं जेराल्ड फ्राइड यांचं संगीत नंतरच्या भागांतही ऐकू येतं. श्रेय ज्या भागासाठी ते रचलं गेलं त्यालाच द्यावं.

मोजणीतही वाद आहेत. 'द मेनॅजरी'चे दोन भाग वेगळे धरले तर एकूण ७९, एक धरला तर ७८. त्याचा मोठा हिस्सा 'द केज' या न स्वीकारलेल्या पहिल्या पायलटमधून, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या भागातून, घेतला आहे. तो पायलट पूर्ण रूपात दूरचित्रवाणीवर आला थेट १९८८ मध्ये. मी 'द मेनॅजरी'च्या दोन्ही भागांना मिळून एकदाच गुण देते आणि तेही चौकटीच्या कथेसाठी, म्हणजे स्पॉकवरच्या खटल्यासाठी. यानाचा आधीचा कॅप्टन पाइक आणि परग्रहावरचे टॅलोसियन लोक यांची कथा 'द केज'च्या खात्यात जाते. नाहीतर एकाच चित्रीकरणाला दोनदा गुण मिळतात.

क्रमाबद्दल थोडक्यात: प्रक्षेपणाचा क्रम निर्मितीचा नाही. दुसरा पायलट, 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर', तिसरा दाखवला गेला, म्हणून त्यात अचानक वेगळे गणवेश आणि वेगळा डॉक्टर दिसतो. त्यासाठी गुण कापू नका.

आता मोजपट्टी. दहापैकी गुण द्यायला सांगितले की बहुतेक जण सहा ते नऊ यांच्यातच घोटाळतात आणि ७९ भाग चार आकड्यांत कोंबले जातात. उपाय म्हणजे आधीच मर्यादा घालणं: दहा फक्त चार भागांना, नऊ आठ भागांना, आणि तीन किंवा त्याखाली किमान आठ. त्याहून चांगली पद्धत जोड्यांची, 'या दोघांतला कोणता?' असं विचारण्याची. सगळ्या जोड्या लावायच्या तर ३०८१ होतात. पण छोट्या क्रमवार याद्या करून त्या एकमेकींत मिसळत गेलं की सुमारे ४०० तुलनांत पूर्ण यादी लागते. गटाचा निकाल काढताना नुसती सरासरी देऊ नका. निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दहा दिले तरी साडेपाच येतात, सगळ्यांनी पाच-सहा दिले तरी तेवढेच. पहिला भाग चर्चेचा, दुसरा विसरण्याजोगा. गुणांचा पसारा शेजारी लिहिलाच पाहिजे. मतं किती आली तेही लिहा, कारण सगळ्यांनी सगळं पाहिलेलं नसतं. बीबीसीने 'द एम्पाथ', 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन' आणि 'हूम गॉड्स डिस्ट्रॉय' हे भाग अनेक वर्षं दाखवलेच नव्हते.

तिसऱ्या पर्वाला सरसकट कमी गुण देण्याची सवय मला खटकते. खर्चाला कात्री लागली होती, वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली होती, हे खरं. पण 'स्पॉक्स ब्रेन' आणि 'स्पेक्टर ऑफ द गन' हे दोन्ही भाग त्याच पर्वातले, आणि दोन्ही जीन कून यांनी ली क्रोनिन या टोपणनावाने लिहिलेले. पहिल्यात कल्पनाच लंगडी आहे, स्पॉकला दूरनियंत्रकाने चालवलं जातं, आणि कितीही खर्च केला असता तरी तो भाग सुधारला नसता. तीन गुण. दुसऱ्यात गाव उभारायला पैसे नाहीत म्हणून लाल आकाशाखाली नुसते दर्शनी भाग उभे केले, आणि हे गाव कर्कच्या मनातल्या तुकड्यांतून घडवलं आहे असं कथेतच सांगितलं. उणीव कथेचा भाग झाली. आठ गुण. 'द एम्पाथ'मध्येही काळी पोकळी हाच सेट. जॉयस मस्कॅट या चाहतीने स्वतःहून पाठवलेल्या पटकथेचा हा भाग. काहींना तो संथ वाटतो. मी आठ देते, कारण सभोवताली काहीच नसल्याने कॅथरिन हेजच्या निःशब्द चेहऱ्यावरून नजर हलत नाही. कमी गुण देणाऱ्यांनी कोणतं दृश्य लांबलं ते नेमकं सांगावं, त्यावर वाद घालायला मी तयार आहे.